मागच्या ब्लॉकमधले गृहस्थ

८ फेब्रुवारी

ठके,

तुझ्या इमारतीचा उरलेला ब्लॉकही गेला एकदाचा! वरचा, मागचा, ज्याच्या खिडकीला खेटून फरशी कापायचा कारखाना आहे तो. बघायला बरेच जण आले. सगळ्यांना उजेड आवडला, वारा आवडला, आणि पलीकडे करवत सुरू झाली की सगळ्यांना अचानक दुसरीकडे काम निघायचं. शेवटी एक गृहस्थ मिळाले. निवृत्त आहेत, एकटे. बायको गेली, मूलबाळ नाही. आवाजाचा त्यांना त्रास नाही म्हणाले. भाडं तू ठरवलं होतंस त्याहून थोडं कमी केलंय, पण पहिल्या तारखेला ते बँकेत पडेल याची हमी माझी.

बाकीचे तिघे ठीक. तळमजल्यावर पुढे शिलाईवाल्या बाई, मागे कवळ्या बनवणारे, आणि वर पुढच्या अंगाला एक बसड्रायव्हर आणि त्यांची बायको. म्हणजे कपडे, दात आणि प्रवास, तिन्हींची सोय एकाच जिन्यात.

यापुढे पत्रं इमारतीच्याच पत्त्यावर टाक. मी दिवसभर इथेच असतो, आणि आमच्या घराकडचा पोस्टमन नवा आहे, कुठल्याही दारात काहीही टाकून जातो. फोन करून घसा दुखवून घेऊ नकोस. मागच्या वेळी तू 'हप्ता भरला' म्हणालीस, मला 'रट्टा मारला' ऐकू आलं, आणि मी 'कुणी?' म्हणून असा काही ओरडलो की तुझा नवरा अजून हसत असेल.

माझी बहीण आज असती तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली असती. आपल्या लेकीची इमारत! तिला ते खरंच वाटलं नसतं.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र प्रयोगशाळेत डबा खाताना वाचलं आणि एकटीच हसले. सकाळपासून लोकांच्या रक्ताच्या काचा बघून डोळे शिणले होते, बरं वाटलं.

आता चारही ब्लॉकचं भाडं मिळून हप्ता जवळजवळ निघतो. उरलेलं आमच्या पगारातून. हे म्हणतात, दहा वर्षं तोंड मिटून काढली की इमारत आपली. माल पाठवायच्या ऑफिसात बसून यांना सगळ्याच गोष्टी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप पोचतील असं वाटतं. मला नाही वाटत तितकं सोपं. पण बँकेने किमतीचे चारातले तीन हिस्से दिले आणि चौथ्यासाठी आम्ही तोंडं बघत बसलो होतो, तेव्हा तू फंडाचे पैसे काढून समोर ठेवलेस, ते मी विसरलेले नाही. पहिले तुझे परत करणार.

त्या गृहस्थांचं करारपत्र आणि नाव पाठव. बँकेच्या फायलीला लागतं.

ठकी


४ मार्च

ठके,

करार तोंडी ठेवलाय. म्हाताऱ्या माणसापुढे कागद सरकवला की त्याला वाटतं आता आपल्याला कुठेतरी भरती करणार. सवडीने करून घेईन. माणूस चांगला आहे. आल्या आल्या मोरीची गळती स्वतः बुजवली, भिंतीला पांढरा हात मारला, तोही आपल्या खर्चाने. संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि फंडाच्या पैशांचं पुन्हा नाव काढू नकोस. मला काय करायचेत? डोक्यावर छप्पर आहे, पेन्शन आहे. तिकीट खिडकीत पस्तीस वर्षं बसून दुसऱ्यांना गावं दाखवली, आता मला कुठे जायचं नाही.

मामा


११ ऑगस्ट

मामा,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं, आणि वाईट लिहायचा धीर होत नव्हता. यांचं ऑफिस मे महिन्यात बंद झालं. मालकाने एका सकाळी सगळ्यांना बोलावलं, हात जोडले आणि गाडीत बसून निघून गेला. तेव्हापासून हे घरी आहेत. रोज इस्त्रीचा शर्ट घालून अर्ज करतात. मी जादा पाळ्या घेतेय.

त्यात बँकेने व्याज दोनदा वाढवलं. कर्ज घेताना 'बदलतं व्याज' म्हणाले होते, ते खाली कधी बदललं नाही. जुलैचा हप्ता चुकला. बँकेतल्या बाईंनी समोर बसवून समजावलं: एक ब्लॉक विका, येईल ते सगळं कर्जात भरा, म्हणजे हप्ता तुमच्या आवाक्यात येईल. नाहीतर पुढेमागे चारही जातील.

दलालाने गिऱ्हाईकही आणलंय. तुझ्या त्या फरशी कारखान्याच्याच मालकाला मुलासाठी मागचा ब्लॉक हवाय. पुढच्या कुठल्याच ब्लॉकला तो हात लावणार नाही. भाव बरा देतोय, पण जागा रिकामी हवी, सप्टेंबर संपायच्या आत.

तेव्हा त्या गृहस्थांना सांग. एवढं काम तुझ्याकडून हवंय.

ठकी


१९ ऑगस्ट

ठके,

तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि तू तीन महिने एकटीने सोसत बसलीस? रागावलोय. पण ते राहू दे.

गृहस्थांशी बोललो. ते म्हणाले, भाडं थोडं वाढवून देतो. थोडंच, फार नाही जमणार, पेन्शनीतला माणूस. त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही, ठके. एकट्या म्हाताऱ्याला कुणी घर देत नाही. सगळ्यांना वाटतं, हा आपल्या घरात मरून बसेल. कारखानदाराला जरा थांबवता येईल का? दुसरं कुठलं गिऱ्हाईक, जे माणसासकट जागा घेईल? तू एकदा विचारून तर बघ.

मामा


२७ ऑगस्ट

मामा,

विचारलं. कुणी घेत नाही.

आणि आता एक गोष्ट सरळ विचारते. बँकेतून खात्याचा उतारा मागवला. मागच्या ब्लॉकचं भाडं भरणारा म्हणून दर महिन्याला तुझंच नाव आहे. बाकी तिघे आपापलं भरतात. मामा, तो माणूस भाडं देतच नाही, आणि तू भिडेपोटी स्वतःच्या पेन्शनमधून भरतोस, हो ना? म्हणून करार नाही, म्हणून नाव नाही. तुझ्या चांगुलपणावर कुणीतरी फुकट राहतंय आणि तू वर त्याची वकिली करतोस.

तुला सांगवत नसेल तर मी सांगते. सोबतची चिठ्ठी त्याच्या हातात दे. वाचू नकोस, म्हणजे तुला वाईट वाटणार नाही.

ठकी

(सोबतची चिठ्ठी)

मागच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या गृहस्थांस,

माझे मामा वयस्कर आहेत, भिडस्त आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या या तिन्ही गोष्टींचा आपण फायदा घेत आहात असं माझ्या लक्षात आलं आहे. ही जागा म्हणजे धर्मशाळा नाही. ती आम्ही कर्ज काढून घेतली आहे आणि त्या कर्जापायी आमची झोप उडाली आहे. तीस सप्टेंबरपर्यंत जागा रिकामी करावी. न केल्यास माणसं पाठवून आपलं सामान बाहेर ठेवावं लागेल. आपल्या वयाचा मान ठेवून इतकंच लिहिते.

घरमालकीण


६ सप्टेंबर

ठके,

चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. 'मुलगी फार अडचणीत असेल,' एवढंच म्हणाले. जातील ते. काळजी करू नकोस.

भाड्याचं म्हणशील तर, ते देत होते. पै न् पै देत होते. बँकेत भरायला फक्त मी जायचो. तेवढा डाग त्यांच्यावर नको.

तू लिहिलंस त्यात चूक काही नाही. सामान बाहेर ठेवण्याचं नसतं लिहिलंस तरी चाललं असतं, पण तुझ्या जागी कुणीही लिहिलं असतं.

मामा


२ ऑक्टोबर

ठके,

ताबा दिला. कारखानदाराचा मुलगा आणि सून येऊन बघून गेले, भिंती स्वच्छ आहेत म्हणाले. किल्ल्या दोन्ही दिल्या, पावती सोबत आहे. तुझ्या नवऱ्याच्या नोकरीचं काय झालं ते कळव. पत्र शिलाईवाल्या बाईंच्या नावे टाकलंस तरी मला मिळेल.

मामा


१३ ऑक्टोबर

मामा,

पैसे कर्जात भरले. हप्ता जवळपास निम्मा झाला. काल कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. यांना एका गोदामात काम मिळालंय, पगार पूर्वीपेक्षा कमी, पण सकाळी घराबाहेर पडतात हेच खूप आहे.

ते गृहस्थ कुठे गेले रे? चिठ्ठी जरा जास्तच झाली असं आता वाटतं. भाडं देत होते हे तू आधीच सांगायला हवं होतंस. भेटले तर माझ्या वतीने दोन शब्द बरे बोल.

ठकी


१४ नोव्हेंबर

ताई,

मी तळमजल्यावरची शिलाईवाली. तुमच्या मामांनी 'कळवू नका' म्हणून बजावलंय, तरी कळवते.

मंगळवारी बाजाराच्या वळणावर त्यांना टेम्पोचा धक्का लागला. टेम्पोवाला मागून हॉर्न वाजवत होता म्हणे, पण यांना कुठला ऐकू येणार. उजवा हात मोडलाय, बरगड्यांना मार आहे. जिवाची भीती नाही. दवाखान्यात पत्ता विचारला तर त्यांनी सवयीने इथलाच सांगितला, वरच्या मागच्या ब्लॉकचा. दवाखान्याचा माणूस वर गेला. नवीन लोकांनी 'असं कुणी इथे राहत नाही' म्हणून दार लावलं. तो माणूस परत चालला होता, माझी मशीन बंद होती म्हणून बोलणं कानावर आलं, आणि मी चप्पल घालून त्याच्याबरोबर गेले.

तुम्ही त्यांना ब्लॉकमधून काढलंत तेव्हा मी बोलले नाही. मालकांच्या घरातला मामला, आपण भाडेकरू. पण ज्या माणसाने राहतं घर विकून तुमच्या इमारतीत पैसा घातला, त्याला त्याच इमारतीत भाडं भरायला लावायचं आणि वर नोटीस द्यायची, हे मला तरी जमलं नसतं. ती चिठ्ठी ते माझ्या दाराशी जिन्यात उभे राहून वाचत होते. 'काय आलंय?' विचारलं तर म्हणाले, 'भाचीचं पत्र आहे, मजेत आहे.'

हल्ली बस डेपोच्या मागे गॅरेजवर एक हॉल आहे, तिथे खाटा भाड्याने देतात, तिथे राहतात. दिवसा येऊन माझ्या दुकानासमोर बसतात. तुम्हाला हे सगळं ठाऊक असेलच. नसेल, तर आता झालं.

शिलाईवाली


२६ नोव्हेंबर

मामा,

दोन दिवस तुझ्या उशाशी बसले, आणि तू 'ऐकू येत नाही' या एका वाक्यावर दोन्ही दिवस काढलेस. मी विचारलं, फंडाचे पैसे म्हणून सांगून घर का विकलंस? तू म्हणालास, 'हो, खिडकी उघड.' मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तू म्हणालास, 'चहा घेतलास का?' पलीकडच्या खाटेवरचे आजोबा डोळे पुसत होते. सगळ्या वॉर्डाला आपल्या घरची गोष्ट कळली, तुला तेवढी कळली नाही. म्हणून लिहून विचारते. वाचता येतं ना तुला?

बाईंचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा उलटंसुलटं वाचलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलंय. मग एकेक आठवत गेलं. आवाजाचा त्रास नसणारा एकटा माणूस! कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला फक्त भाडं वेळेवर येतंय एवढंच बघायचं होतं.

मी तुझ्यावर फार चिडले आहे, मामा. तू घर विकलंस, चांगलं केलंस म्हणू की वाईट, मला कळत नाही. पण तू मला चांगलं वागायची संधीच दिली नाहीस. एक ओळ लिहिली असतीस, 'ठके, मागच्या ब्लॉकमध्ये मी राहतो,' तर मी दागिने मोडले असते, इमारत सगळी विकली असती, काहीही केलं असतं. त्याऐवजी तू मला 'धर्मशाळा नाही' असं लिहू दिलंस. स्वतःच्या खिशात ठेवलंस ते. आई गेली त्या दिवशी मला कडेवर घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या माणसाचं सामान बाहेर ठेवीन म्हणून मी लिहिलं. हे मी आता कुठे टाकू?

आमच्याकडे चल म्हटलं तर मान हलवलीस. ठीक आहे. मग मी ड्रायव्हरांना महिन्याची मुदत देते. वरचा पुढचा ब्लॉक तुझा. त्यांना दुसरं घर मिळेल, ते तरुण आहेत.

ठकी


४ डिसेंबर

ठके,

अक्षर बाईंचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये बसून आराम करतोय.

पहिली गोष्ट, ड्रायव्हरांना काढायचं नाही. त्यांच्या बायकोला सातवा महिना आहे. आणि तशी चिठ्ठी हातात पडली की काय होतं ते मला माहीत आहे. मी वाचली आणि लगेच भिंतीतले खिळे काढायला लागलो. अजून जायला तीन आठवडे होते. तरी कॅलेंडरचा खिळा काढला, आरशाचा काढला, मग दाढी करायला आरसा लावायला जागा नाही म्हणून परत ठोकला. माणूस असा बावचळतो. ते मला दुसऱ्या कुणाच्या घरात व्हायला नको.

दुसरी गोष्ट. घर तुझ्यासाठी विकलं असं बाई सगळ्यांना सांगतात, ते अर्धंच खरं आहे. तुझी मामी गेल्यावर मला त्या घरात राहवत नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडायचो आणि आत जायच्या ऐवजी पुन्हा लावून चौकात जाऊन बसायचो. तू पैशांसाठी अडलीस, मला कारण मिळालं. आणि खरं सांगू? जन्मभर काचेच्या आत बसून सुट्टे पैसे मोजले. इमारतीत आपलाही वाटा आहे हे मनातल्या मनात ठेवून जिना चढायला मजा यायची. तुला सांगितलं असतं तर तू भाडं घेतलं नसतंस, मग हप्ता अडला असता, आणि माझी मजाही गेली असती.

(मी म्हटलं, हे तुमचं चुकलंच. पोरीला अंधारात ठेवून तिच्या हातून नको ते करवलंत. तर म्हणतात ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हटलं, तरी ऐकू आलं नाही. — बाई)

तिसरी गोष्ट. कवळ्या बनवणारे एप्रिलमध्ये आपणहून जागा सोडताहेत, त्यांनी मोठं दुकान घेतलंय. ती जागा मला दे. भाडं बाजारभावाने, करार लेखी, नावासकट. तोवर मी डेपोमागच्या हॉलमध्येच ठीक आहे. खाट चांगली आहे, सोबत आहे, हात दुखत नाही. मला तुमच्या दोन खोल्यांत आणून कोंबू नकोस. करारात फक्त एक अट घाल. जागा सोडायला सांगायची असेल तर मालकिणीने स्वतः यायचं आणि समोर बसून सांगायचं. चिठ्ठी पाठवायची नाही.

मामा


११ डिसेंबर

मामा,

ड्रायव्हरांना काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.

काल बँकेत गेले होते. मी म्हटलं, एक ब्लॉक मामाच्या नावावर करायचा आहे, किंमत त्याने आधीच मोजली आहे. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, कर्ज फिटेपर्यंत दुसरं नाव चढत नाही. म्हणजे अजून बरीच वर्षं. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. कुणाच्या घराची कुणाला मालकीण करून ठेवलंय रे!

तेव्हा करार करू. तुझी अट मान्य. समोर बसून सांगेन, पण तशी वेळ येऊ देणार नाही. भाड्याच्या आकड्यावरून आपण नंतर भांडू.

आता माझी अट. भाडेकरूने मालकिणीला खरं लिहायचं. एप्रिलपासून नाही, या पत्रापासून. 'खाट चांगली आहे, सोबत आहे, हात दुखत नाही' यातलं मला काहीही खरं वाटत नाही. बाईंना लिहायला सांगू नकोस. कसंही लिही, पण तू लिही.

तू कसा आहेस?

ठकी


१८ डिसेंबर

ठके,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

हात दुखतो. फार दुखतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत. शेजारच्या खाटेवरचा क्लीनर लावून देतो, तो कामावर गेला असला तर मी तसाच बसून राहतो. इथे सगळे येतात, झोपतात, जातात. कुणाला कुणाशी बोलायचं नसतं. परवा उठलो तर कुठे आहे तेच कळेना. खूप वेळ कळलं नाही. मग कळलं, आणि रडू आलं.

एप्रिलपर्यंत मला इथे राहवणार नाही. तुमच्या दोन खोल्यांत चालेल. कोपरा चालेल.

मला न्यायला ये.

मामा